धुतलेले ड्रम

रुद्रप्पा पहिल्यांदा प्रयोगशाळेत आले ते पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत काळा चिखल भरून. अक्कलकोट रस्त्याला त्यांचा जुन्या ड्रमचा धंदा होता. कंपन्यांकडून, दुकानांकडून रिकामे निळे ड्रम घ्यायचे, धुवायचे आणि पाणी साठवायला विकायचे. सोलापुरात नळ काही रोज येत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. पार माढा-बार्शीकडचे लोक टेम्पोत घालून ड्रम न्यायचे. धुण्याचं पाणी ज्या खड्ड्यात जायचं, तो मात्र आता गाळानं काठोकाठ भरला होता. घातक कचरा उचलणाऱ्या कंपनीनं सांगितलं, आधी तपासणीचा अहवाल आणा, मग गाडी पाठवतो. म्हणून रुद्रप्पा बाटली धरून शगुफ्तासमोर उभे होते.

शगुफ्ता तिथली केमिस्ट. तिनं बाटली उजेडात धरली आणि परत केली.

"काका, हे चालणार नाही. त्यात कीटकनाशक असलं तर ते प्लास्टिकला चिकटून बसतं. काचेची बरणी लागते, आणि गाळ तळापासून काढावा लागतो. मीच येते."

"या की. जे हाय ते हाय. लपवायचं काय न्हाय आपल्याकडं," रुद्रप्पा म्हणाले, आणि ते खरंच तसं मानत होते.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा खड्ड्याच्या कडेला एक बाई आडव्या ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घालून काथ्यानं आतून घासत होती. तिचं नाव महेश्वरी. यंत्रमाग बंद पडल्यावर ती इथं आली होती. शेजारच्या ड्रमवर अर्धवट निघालेलं लेबल होतं, त्यावर कीटकनाशकावर असतो तसला पिवळा शिक्का. शगुफ्तानं हातमोजे चढवले आणि लांब नळीनं गाळ काढू लागली. महेश्वरी काम थांबवून बघत राहिली.

"ह्यात काय हाय ते तुमचं मशीन सांगतं व्हय?"

"हो. किती आहे तेही सांगतं."

"मग माझ्या हातात किती गेलंय, ते सांगंल का?"

शगुफ्तानं नळी वर काढली. "आमच्याकडं माणसाचं होत नाही. माती, पाणी, कचरा एवढंच."

"बरं," महेश्वरी म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली. उत्तर अपेक्षितच असल्यासारखी. परत येताना रिक्षात शगुफ्ताच्या मनातून तिचं ते 'बरं' काही केल्या जाईना.

गाळातून कीटकनाशक वेगळं काढायचं म्हणजे घाईचं काम नव्हे. गाळ सुकवायचा, काचेच्या उपकरणात घालून त्यावरून द्रावक तासन्‌तास थेंब-थेंब फिरवत ठेवायचा, मग तो अर्क गाळायचा, आटवायचा आणि मशीनला द्यायचा. पडद्यावर रेघ सपाट सरकते आणि जिथं काही असेल तिथं टोक उभं राहतं. या वेळी टोकं एकामागून एक उभी राहिली. क्लोरपायरीफॉस भरपूर. त्याच्या पुढं एन्डोसल्फान, ज्याच्यावर बंदी येऊन कितीतरी वर्षं झाली. म्हणजे कुणाच्या तरी गोदामात पडून राहिलेला ड्रम अलीकडं रिकामा झाला असावा, नाहीतर खड्ड्याच्या तळाशी ते तेव्हापासूनच पडून होतं.

तिला आधी स्वतःचाच संशय आला. काच नीट धुतली नसेल, आधीच्या नमुन्याचं काही राहिलं असेल. तिनं गाळाशिवाय नुसता द्रावक त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेला. रेघ सपाट आली. म्हणजे जे दिसलं ते गाळातलंच होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख मानसिंगराव यांनी आकडे पाहिले आणि मान डोलावली. "घातक कचरा. स्पष्ट आहे. द्या अहवाल."

"सर, पण गाळ ड्रममधून आलाय. आणि ते ड्रम लोकांच्या घरी गेलेत."

मानसिंगराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी कागद खाली ठेवला. "अहवालात मागितलं तेवढंच जातं, शगुफ्ता. आपण ड्रम तपासलेले नाहीत. जे तपासलं नाही ते लिहिता येत नाही."

"लिहीत नाही सर. पण तोंडानं सांगायला काय हरकत आहे?"

"तोंडानं सांगायला माझी परवानगी कशाला?"

घरी गेल्यावर ती सरळ मोरीजवळ गेली. तिथला निळा ड्रम अब्बांनी कुठून आणला होता, हे आता सांगायला अब्बा नव्हते. अम्मीनं, सुगराबीनं, तिला त्यातलं पाणी काचेच्या बरणीत भरताना पाहिलं.

"इत्ते दिनां पी रहे, क्या हुआ किसकू?" अम्मी म्हणाली.

"काही झालं नसेल अम्मी. बघते फक्त."

त्या पाण्यात काही सापडलं नाही. अम्मीनं अल्लाचा शुक्र मानला, पण शगुफ्ताला सुटल्यासारखं वाटेना. 'सापडलं नाही' आणि 'नाही' यांत फरक असतो, हे तिला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलेलं. त्यापलीकडं आणखी एक गोष्ट होती. आपला ड्रम बहुधा तेलाचा किंवा साबणाचा निघाला. शेजारच्या घरातला कशाचा, हे वरून बघून तिलाही सांगता आलं नसतं. सगळे सारखेच निळे, सारखेच स्वच्छ.

अहवाल न्यायला रुद्रप्पा आले तेव्हा तिनं त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. रुद्रप्पांचा चेहरा उतरला, मग आवाज चढला.

"वीस वर्षं झाली बाई ह्या धंद्याला. एक माणूस तरी आजारी पडून माझ्याकडं आला का?"

"तुमच्याकडं कशाला येईल काका? पोट बिघडलं तर माणूस डॉक्टरकडं जातो. ड्रमकडं कोण बघतंय?"

रुद्रप्पा खुर्चीत पुढं सरकले. "मग कुठला चांगला, कुठला वाईट, हे कळायचं कसं?"

"धुतल्यावर कळत नाही. घेतानाच बघावं लागेल. फवारणीच्या औषधाचा ड्रम घ्यायचाच नाही. आवारात जे पडलेत ते भोकं पाडून गाळाबरोबर त्या कचऱ्याच्या गाडीत द्यायचे."

"आन् विकलेले?"

"ते परत कसे मिळवायचे, मलाही माहीत नाही काका." तिनं अहवाल त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, "आणखी एक. महेश्वरीला सुट्टी द्या उद्या. दवाखान्यात न्यायचंय मला."

क्लोरपायरीफॉस अंगात जातं तेव्हा रक्तातलं एक एन्झाइम दबतं, ते मोजता येतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी महेश्वरीला विचारलं, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं धूसर होतं का, घाम सुटतो का. महेश्वरी म्हणाली, ते तर सगळ्यांनाच होतं की. रक्त तपासलं, तर एन्झाइम बरंच खाली आलं होतं. औषध नको, काम तेवढं सोडा, महिना-दीड महिन्यात आपोआप वर चढेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

गाळाची गाडी येऊन गेली. रुद्रप्पांनी औषधाचे ड्रम घेणं बंद केलं. फाटकावर पाटी लावली की आपल्याकडून नेलेला ड्रम परत आणा, दुसरा न्या. थोडे लोक आले. बरेच आले नाहीत. काहींना पाटी ठाऊकच नव्हती, काहींना वाटलं, चांगला ड्रम कशाला द्यायचा. रस्त्याच्या पलीकडं दुसरा एक जण औषधाचे ड्रम घ्यायला लागलाय, हेही रुद्रप्पांनीच शगुफ्ताला फोन करून सांगितलं. ती एकदा तिथंही जाऊन आली. त्या माणसानं चहा पाजला, ऐकून घेतलं आणि वाटेला लावलं. पुन्हा जायचं तिनं ठरवलंय.

महेश्वरीची दुसरी तपासणी झाली त्या दिवशी दोघी दवाखान्याच्या फाटकाशी चहा पीत उभ्या होत्या. आकडा वर आला होता, पुरता नाही, पण आला होता. शगुफ्तानं तो वाचून दाखवला. आजवर तिनं शेकडो अहवाल वाचले होते; समोर उभं राहून चहा पिणाऱ्या माणसाचा हा पहिलाच.

"म्हंजे बरी हाय मी?"

"बऱ्या होताय. आता काका काय काम देतात?"

"बसून झाकणं लावायचं." महेश्वरीनं बशीतला चहा संपवला. "लई कट्टाळा येतो बाई. पण डोकं दुखायचं थांबलंय."