मंजुश्रीसमोरचा पहारा

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात सुमेधा जोशी कामगारांना प्रशिक्षण द्यायची. लडाखहून आणलेलं मंजुश्रीचं चित्र तिने वर्गात टांगलं. दुसऱ्या दिवशी सुरक्षा अधिकारी यज्ञेश्वर देशपांडे त्यासमोर येऊन थबकले.

"मॅडम, याच्या तलवारीला आग लागलीय."

"ती तशीच असते सर. हा बौद्धांचा ज्ञानाचा देव. त्या तलवारीने अज्ञान कापतो."

"कापू दे. पण कारखान्यात उघडी ज्योत चालत नाही."

त्यांनी चित्राखाली आग विझवायचा सिलिंडर बसवला. मग त्यांना देवाच्या डाव्या खांद्याशी कमळावर ठेवलेली पोथी दिसली. "आगीजवळ कागद!" म्हणत त्यांनी दुसरा सिलिंडर मागवला आणि पहाऱ्याला गोरक्षनाथ वॉचमनला बसवलं. तो इतकी वर्षं गोदामामागच्या एका कुलूपबंद दारावर पहारा देत होता.

गोरक्षनाथ दिवसभर देवाकडे बघत बसला. संध्याकाळी त्याने विचारलं, "ताई, अज्ञान म्हंजी नेमकं काय वो?"

"कधी न विचारता आपण खरं धरून चालतो, ते."

रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी तो थेट यज्ञेश्वरांकडे गेला. "सायेब, माज्या त्या दारामागं काय हाय?"

"धोकादायकच असणार काहीतरी. उगाच पहारा ठेवलाय का?"

"आन धोका हाय कशावरनं?"

"पहारा आहे ना!" यज्ञेश्वर म्हणाले, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्या दाराची किल्ली शोधायला उठले.

किल्ली कुणाकडेच नव्हती. शेवटी कुलूप तोडलं. यज्ञेश्वरांनी सगळ्यांना मागे सारून, हेल्मेट घट्ट करून दार ओढलं. आत विटांची भिंत होती. दार नुसतंच भिंतीवर बसवलेलं.

गोरक्षनाथने भिंतीला हात लावला. मग त्याला असं हसू फुटलं की खालीच बसावं लागलं. "पोरांची शिक्षनं झाली वो ह्या भितीवर!" तो म्हणाला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. सुमेधाने त्याला पाणी दिलं. यज्ञेश्वर मात्र जाऊन चित्रासमोर उभे राहिले ते जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.

पुढच्या सोमवारी गोरक्षनाथची बदली मुख्य फाटकावर झाली. तिथे तो येईल त्याला अडवून विचारू लागला, "आत कशाला चाललाय?" टेम्पोवाल्यांनी माल दाखवला, कामगारांनी ओळखपत्रं दाखवली. मग मालकांची गाडी आली. त्यांनी काच खाली केली, उत्तर द्यायला तोंड उघडलं, बराच वेळ विचार केला, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "घरी चल."