ओतून दिलेलं गुलाबी पाणी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. सध्या मुक्काम कपाटावर, रिकाम्या खोक्यांच्या शेजारी. पण एके काळी माझ्यावाचून या प्रयोगशाळेचं पान हलत नव्हतं, हो! माझी भिंगं खाली बसवलेली आहेत, म्हणून मी काचेच्या बशीतल्या पेशी तळाकडून बघतो. स्त्रीच्या अंडाशयातल्या पेशी मी वर्षानुवर्षं पाहिल्या. काचेला घट्ट धरून बसलेल्या त्या पेशींची मला अजून आठवण येते.

त्यांची एक रीत होती. वेळ भरली की त्या आपल्या आपण आक्रसायच्या, सगळा पसारा बारीक पुड्यांत बांधायच्या आणि काचेवरची पकड सोडायच्या. शेजारणीला धक्कासुद्धा लागत नसे. कर्करोगावरचं कडक औषध मात्र ही वेळ फार लवकर आणतं. मग पुढे मूल होणं अवघड होतं.

आमच्या संशोधक ताईंनी या पेशींना वाचवणारं औषध शोधायचा ध्यास घेतला होता. त्यांच्या धाकट्या बहिणीवर तेच कडक उपचार व्हायचे होते. डॉक्टर सांगत होते, आधी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवा. बहीण सुयांना घाबरायची आणि चालढकल करायची. तिची सगळी भिस्त ताईंच्या औषधावर.

ताई बशीत कडक औषधासोबत आपलं औषधही घालायच्या. रोज सकाळी पेशींना पोसणारं जुनं गुलाबी पाणी ओतून द्यायच्या, ताजं घालायच्या आणि मग माझ्यातून बघायच्या. दिसेल ती पेशी धडधाकट, जागच्या जागी! ताई माझी पाठ थोपटायच्या आणि माझ्या लोखंडी अंगावर मूठभर मांस चढायचं.

एके दिवशी बशा धुणारे काका सहज म्हणाले, "ताई, मेलेल्या पेशी पकड सोडून वर तरंगतात ना? मग त्या तर तुम्ही रोज ओतूनच देताय."

त्या दिवशी ताईंनी ओतलेलं पाणी माझ्या भिंगावर धरलं. ते पुड्यांनी गच्च भरलं होतं. औषध कुणालाच वाचवत नव्हतं. मी आयुष्यभर तळाकडेच बघत राहिलो, याची मला आजही लाज वाटते.

ताईंनी माझ्याशेजारी उभं राहूनच बहिणीला फोन लावला. "माझ्या औषधाची वाट बघू नकोस गं. ते चालत नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा." फोन ठेवून त्या खूप रडल्या. तीन वर्षांचं काम पाण्यात गेलं होतं. काकांनी चहा आणून ठेवला.

मित्रांनो, ज्याला आपण मोडीत काढतो, त्याच्याकडे ओतून देण्याआधी एकदा तरी नीट बघा. माझ्याकडेही बघा. भिंगावर धूळ साचली आहे.

मात्र परवा एक गंमत झाली. सहा वर्षांची एक चिमुरडी ताईंचं बोट धरून आली आणि मला खाली काढायचा हट्ट धरून बसली. मी खाली येताच तिने फ्रॉकच्या टोकाने माझं भिंग खसाखसा पुसलं. असं कधी पुसू नये, ओरखडे उठतात. पण ताईंनी ठेवलेल्या बशीतली पेशी डोळा लावून बघत तिने विचारलं, "मावशी, मीपण एवढीशी होते?" आणि ताई म्हणाल्या, "हो गं, अगदी एवढीशी."