तीन मोटरहोम आणि डावा आरसा

वाळवंटातल्या युमा गावात एप्रिल उजाडला की उत्तरेकडून हिवाळा टाळायला आलेले म्हातारे परतायला लागतात. ज्यांना पुढच्या वर्षी यायला जमणार नसतं, ते आपलं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, इथेच विकून जातात. जुनं घ्यायचं तर एप्रिलमध्येच घ्यावं. आमचा ट्रेलर आम्ही नुकताच शेजाऱ्याला देऊन टाकला होता, तेव्हा आता निवड करणं भागच होतं.

सकाळी माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, ताटलीतले डावीकडचे बटाटे तसेच ठेवले. भूक नसेल, असं मी धरलं. गाडीची किल्ली त्याने माझ्या हातात दिली. त्या हिवाळ्यात गुडघ्याचं निमित्त करून तो मलाच गाडी चालवायला लावत होता.

मोटरहोमचे तीन वर्ग असतात. ए म्हणजे बसच. सी म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेलं घर, त्यातलं एक अंथरूण चालकाच्या डोक्यावर. बी म्हणजे उंच केलेली व्हॅन. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत लावायचं तर क्रम ए, सी, बी असा लागतो. तो तसा का, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

विकणाऱ्याचं नाव रॉइस. त्याने तिन्ही गाड्या खडीच्या मैदानात शेजारी शेजारी लावून ठेवल्या होत्या.

"या, चीफ," तो व्हर्लिनला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आणि यंग लेडी, तुम्ही आधी स्वयंपाकघर बघा."

"मी सत्तर वर्षांची आहे," मी म्हटलं. "आधी ब्रेक बघते."

व्हर्लिन हसला. "तीस वर्षं प्रयोगशाळेत पाणी तपासलंय हिने. हिच्यापुढे बढाया मारू नकोस, बाबा."

आमच्यात एक रीत आहे. गाडी घेण्याआधी दोघांनी बूट काढून तिच्यातल्या पलंगावर आडवं व्हायचं, संडासात दार लावून बसून बघायचं, शेगडीपुढे एकाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने मागून जाऊन दाखवायचं. आम्ही तिन्ही गाड्यांत तसं केलं. बीमधल्या पलंगावरून व्हर्लिनचे पाय बाहेर आले.

"यात झोपलो तर पाय तुझ्या शेगडीवर ठेवावे लागतील."

"तेवढाच स्वयंपाक वाचेल."

एमध्ये मात्र तो चालकाच्या जागेवर बसला आणि उठेना. त्याने बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. त्याने ते मोठं आडवं चाक दोन्ही हातांनी धरलं, तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

"बोल प्रयोगशाळा, तुझा निकाल काय?"

"मागे घेऊन दाखव," मी म्हटलं.

हीही रीतच. गाडी मागे घेताना एकाने मागे, चालकाच्या बाजूला, म्हणजे इथे डावीकडे, त्याला आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर आडवे धरले की थांब. माणूस आरशात दिसला नाही, तरीही थांब. मोटरहोमच्या तळावरल्या जोडप्यांची भांडणं बहुतेक याच वेळी होतात. आमचं कधी झालं नाही, कारण हाताच्या खुणा मला व्हर्लिननेच शिकवल्या होत्या. बसच्या नव्या चालकांनाही तोच शिकवायचा.

रॉइसने मागे एक नारिंगी शंकू ठेवला. मी डाव्या बाजूला उभी राहिले आणि गाडी मागे यायला लागली. मी हात आडवे धरले तरी ती येतच राहिली. मी बाजूला झाले आणि शंकू चाकाखाली गेला.

"शंकू काय, ढिगाने पडलेत," रॉइस म्हणाला.

"मागच्या कॅमेऱ्याचा घोटाळा आहे," व्हर्लिन खिडकीतून ओरडला. "त्या पडद्याकडे बघत होतो."

हे शक्य होतं. गाडी लांब होती, पडदा नवा होता. मी सी मागे घ्यायला सांगितली. तिला कॅमेरा होता, पण पडदा झाकायला लावला. पुन्हा तेच झालं. मी हात आडवे धरले, तो आला.

"आता बी."

"बी आपण घेतच नाही आहोत," तो म्हणाला.

"तरी."

बीला कॅमेराच नव्हता आणि लांबीही फारशी नव्हती. मी इतक्या जवळ उभी होते की डाव्या आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याची नजर सरळ उजव्या आरशावर होती. मी हात आडवे धरले. गाडी आली. मी शेवटी तिच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा ती थांबली.

तीन गाड्या, निकाल एकच. म्हणजे बदलत होतं ते कारण नव्हतं.

मी रॉइसला पाणी आणायला पाठवलं आणि व्हर्लिनच्या खिडकीशी गेले.

"मी कुठे उभी होते?"

त्याने पुन्हा उजव्या आरशात पाहिलं.

"कधीपासून?"

"नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगनंतर. सकाळी उठलो आणि..." त्याने डावा हात हवेत फिरवला. "काळोख नाही गं. काळोख असता तर कळलं असतं. तिकडे नुसतं काही नाहीच."

"आणि घरापुढची ती पडलेली पत्रपेटी?"

"ती बर्फ काढणाऱ्या गाडीने नाही, मी पाडली."

"डॉक्टरकडे?"

"गेलो की लायसन्स जाणार. मग इथे कोण आणणार आपल्याला? घरी नेब्रास्कात, बर्फात जानेवारी काढायचा का?"

"मी आणेन."

"तू? हे चाकांवरचं घर चालवशील?"

"चौदाव्या वर्षी कापणीला बाबांचा गव्हाचा ट्रक चालवत होते. गोदामाच्या तोंडाशी मागेही घेत होते."

"ते मला माहीतच नव्हतं."

"या हिवाळ्याआधी तू कधी चाक सोडलंस का?"

रॉइस पाणी घेऊन आला. मी सीमध्ये चढले. आतून ती ट्रकच होती. चाक उभं, नाक पुढे, दोन्ही बाजूंना मोठे आरसे. बसची ऐट तिच्यात नव्हती. पलंग मात्र व्हर्लिनच्या पायांना पुरत होता.

"चीफ, एची किंमत थोडी खाली आणतो," रॉइस म्हणाला.

"चीफ ही आहे. तिला विचार," व्हर्लिन म्हणाला आणि खाली उतरला.

तो गाडीच्या मागे चालत गेला. आधी चुकीच्या जागी थांबला, मान वळवून पाहिलं, मग दोन पावलं डावीकडे सरकला. माझ्या आरशात पूर्ण दिसला. टोपीसकट.

त्याने हात वर केला आणि बोटांनी मला हळू मागे बोलावलं. मी ब्रेकवरून पाय काढला. खडी चाकाखाली करकरली. रॉइसने नवा शंकू ठेवला होता. तो शंकू मला आरशात दिसत नव्हता, आणि मी तो शोधतही नव्हते. व्हर्लिनने दोन्ही हात डोक्यावर आडवे केले.

मी थांबले.