शेजारचा ब्रेक

शीड चढवून झाल्यावर कप्तानांनी खुंटीचा दोर सोडला, होडीत एक पाय टाकला आणि दुसऱ्या पायानं धक्क्याला असा काही रेटा दिला की मास्तरांनी बोलायला तोंड उघडेपर्यंत होडी चार हात लांब गेलेली.

"आपण बाहेर चाललोय?" मास्तरांनी विचारलं.

"धक्क्याला बांधून ठेवलेली होडी कळते का कुणाला?" कप्तान म्हणाले. "सुकाणू धरा."

मास्तरांनी सुकाणू धरलं. काय करणार? मागं वळून पाहिलं तर धक्क्यावर कुणी नाही. कप्तानांची मुलगी, जिनं ही होडी विकायला काढली होती, ती कागद गाडीत राहिले म्हणून निळ्या शेडच्या मागं गेली होती. जाताना सांगून गेली होती, "तोवर शीड चढवून बघा, बाबा दाखवतील. इथंच हं." ते 'इथंच हं' मास्तरांनी नीट ऐकलं होतं. पण होडी कप्तानांची, पस्तीस वर्षं चालवलेली. ऐंशीच्या घरातल्या माणसाला आपण कुठं शहाणपण शिकवायचं, असा विचार करून ते गप्प बसले.

कप्तान हे नाव बंदरावरच्या लोकांनी ठेवलेलं. जहाजांशी त्यांचा संबंध एवढाच, की पोस्टाच्या खिडकीत बसून त्यांनी आयुष्यभर खलाशांची पत्रं तोलली. मास्तर हे नावही तसलंच. शाळेचं तोंड त्यांनी शिकण्यापुरतं पाहिलेलं. ते ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. एकतीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग, आणि मास्तरांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. तो दाबून दाबून पायाला अशी सवय जडली होती, की घरी टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली तरी मास्तरांचा पाय सतरंजीवर दाबला जायचा. बायको म्हणायची, "अहो, सोफा कुठं पळून चाललाय का?"

होडीचं खूळ गेल्या वर्षीचं. एका जुन्या शिष्यानं त्यांना तळ्यावरच्या क्लबमध्ये नेलं, शिडाच्या होडीत बसवलं आणि सुकाणू हातात दिलं. त्या दिवशी घरी आल्यावर मास्तर जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मग आठ शिकवण्या झाल्या. पण तळं ते तळं, आणि बाजूनं शिकवणाऱ्याची मोटारबोट सतत सोबत. एका गोष्टीची मास्तरांना मनातून फार भीती होती आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. त्यांना वाटायचं, आपल्याला फक्त थांबवता येतं, चालवता येत नाही. स्वतःची होडी घ्यायची ती याचा एकदाचा निकाल लावण्यासाठी. आजही येताना ते बायकोला 'नुसतं बघून येतो' म्हणाले होते, आणि बायकोनं त्यावर काडीचाही विश्वास ठेवला नव्हता.

"घाबरलात तर काय करायचं?" कप्तानांनी विचारलं.

"काय करायचं?"

"शिडाचा दोर सोडायचा. दोर सोडला की शिडातला वारा जातो आणि होडी उभी राहते. लोक घाबरले की दोर आवळून धरतात. तिथंच उलटतात."

मास्तरांना हे फार आवडलं. म्हणजे होडीलाही ब्रेक आहे म्हणायचा, फक्त तो दाबायचा नाही, सोडायचा. त्यांनी दोर हातात घेतला, शीड भरलं, आणि होडी एका अंगाला कलून पाणी कापत निघाली. मास्तरांचा पाय तळाच्या फळीवर करकचून दाबला गेला. फळीनं अर्थातच काही केलं नाही.

थोडं पुढं गेल्यावर कप्तान म्हणाले, "घाबरलात तर काय करायचं?"

"दोर सोडायचा."

"बरोबर. लोक घाबरले की दोर आवळून धरतात. तिथंच उलटतात."

मास्तर मनातल्या मनात हसले. हे त्यांच्याच धंद्यातलं होतं. 'आरसा, सिग्नल, मग वळण' हे तीन शब्द त्यांनी आयुष्यात किती वेळा उच्चारले असतील याची गणती नव्हती. एकदा सांगितलेलं डोक्यात राहतं, दहादा सांगितलेलं हातापायांत उतरतं, हे शिकवणाऱ्यालाच कळतं. म्हातारा अस्सल मास्तर आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि त्यांना जरा धीर आला.

तेवढ्यात धक्क्याच्या टोकाशी मुलगी दिसली. दोन्ही हात वर करून ती जोरजोरात हलवत होती. केवढं कौतुक बापाचं, मास्तरांना वाटलं. त्यांनी सुकाणूचा दांडा काखेत दाबला आणि मोकळा झालेला हात तिच्याकडे बघून तसाच हलवला. ती आणखी जोरानं हात हलवू लागली. कप्तानांनी तिच्याकडे पाहिलं, पण हात वर केला नाही.

"घाबरलात तर काय करायचं?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"दोर सोडायचा," मास्तर शाळकरी पोरासारखे म्हणाले.

त्यानंतर कप्तान बोलायचे थांबले. मास्तर वाट बघत राहिले. समोर बंदराची दगडी भिंत संपत आली होती. भिंतीच्या आत पाणी शहाण्यासारखं होतं. बाहेर मात्र लाटांचे पांढरे शेंडे स्पष्ट दिसत होते. आता म्हातारा म्हणेल 'वळा', मग म्हणेल 'वळा', असं करत भिंतीचं टोक निम्म्यानं जवळ आलं. कप्तान दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाण्याकडे बघत होते. मास्तरांनी तिरप्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

मग त्यांना आपलीच युक्ती आठवली. शिकणाऱ्याचा तिसरा आठवडा लागला की मोठा चौक यायच्या आधी मास्तर मुद्दाम तोंड मिटून बसायचे. शिकणारा घामाघूम व्हायचा, तिरप्या डोळ्यांनी बघायचा, पण मास्तर जणू खिडकीबाहेरची दुकानं मोजत असायचे. सगळं लक्ष मात्र ब्रेकवरच्या पायाशी. शिकणारा चौक स्वतः पार करायचा आणि त्या दिवसापासून तो गाडी चालवायला लागायचा. म्हणजे म्हातारा आपल्याला चौकात सोडून बघतोय तर. गप्प आहे, पण पाय ब्रेकवर आहे.

मास्तरांनी दीर्घ श्वास घेतला. "वळतोय," त्यांनी मोठ्यानं सांगितलं आणि सुकाणूचा दांडा शिडाकडे ढकलला. होडीचं तोंड वाऱ्यात शिरलं, शीड दाणदाण आपटलं, शिडाखालची आडवी काठी सपकन या बाजूकडून त्या बाजूला गेली. कप्तानांचं डोकं बरोबर वेळेला आपोआप खाली वाकलं होतं. शीड दुसऱ्या अंगाला भरलं आणि होडी परत निघाली. मास्तरांना इतका आनंद झाला की शाबासकीसाठी त्यांनी कप्तानांकडे पाहिलं.

"आपण कुठं चाललोय?" कप्तानांनी विचारलं.

हाही प्रश्न ओळखीचाच. मास्तर स्वतः विचारायचे, नजर नेमकी कुठं आहे ते बघायला.

"धक्क्याकडे. निळ्या शेडच्या खाली."

"तिथं कोण आहे?"

"तुमची मुलगी उभी आहे."

"बरं," कप्तान म्हणाले आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागले.

धक्का आता दगड मोजता येतील इतका जवळ आला होता, आणि नेमका तेव्हाच शेडच्या कोपऱ्यावरून वाऱ्याचा झोत आला. होडी एकदम आडवी व्हायला लागली. पाणी काठावरून आत आलं आणि मास्तरांचे बूट भिजले. दोर हाताला काचत होता आणि हात तो आणखी आवळत होता. कप्तान काही बोलले नाहीत, हलले नाहीत. मास्तरांनी दोर सोडला. शीड फडफडलं, होडी सरळ झाली आणि होती तिथंच उभी राहिली.

मग त्यांनी दोर थोडा थोडा ओढत, थोडा थोडा सोडत होडी धक्क्याशी आणली. शेवटी ठोकर बसलीच, पण अशी ठोकर मास्तरांनी शिष्यांना हसत माफ केली असती.

मुलगी धक्क्यावर पालथी पडून होडीचा काठ धरत होती. तिनं पुढचा दोर हातात घेतला, मनगटाला दोन वेढे दिले, आणि दुसऱ्या हातानं बापाला वर ओढून घेतलं.

"बाबा, तुम्ही तिकडे बाकावर बसा. पाणी प्या."

कप्तान निमूटपणे बाकाकडे गेले. मास्तर वर चढले, लाइफ जॅकेटचे बंद सोडता सोडता म्हणाले, "तुमचे वडील काय शिकवतात हो, ताई. मधे तोंड मिटून बसले, वळायलासुद्धा सांगितलं नाही. आमच्या लाइनीत अशी माणसं..."

"त्यांना आठवत नाही," मुलगी म्हणाली.

"काय आठवत नाही?"

"काहीच नाही, कधी कधी. गेल्या महिन्यात सकाळी एकटेच होडी घेऊन गेले. संध्याकाळ झाली तरी पत्ता नाही. मच्छीमारांनी ओढून आणलं. शीड उतरवून बसले होते, आणि त्या लोकांनाच विचारत होते, ही होडी कुणाची." ती दोराकडे बघत बोलत होती. "म्हणून विकतेय. आज सकाळपासून छान होते. शीड कसं चढवून दाखवायचं ते मला समजावलं. मला वाटलं, एवढं तरी करू दे त्यांना. बांधलेल्या होडीत काय होणार आहे. दोनच मिनिटं गेले मी."

मास्तरांच्या डोळ्यांसमोरून सगळं उलट क्रमानं गेलं. तीनदा विचारलेला एकच प्रश्न. भिंतीपाशी मिटलेलं तोंड. तिथं कोण आहे, हे विचारणं. आणि ही बाई हात हलवत होती ते कौतुकानं नव्हे. म्हणजे शेजारच्या सीटवर कुणीच नव्हतं.

मग त्यांना राग आला.

"हे आधी सांगायला हवं होतं, ताई. माझं पोहणं तळ्यातलं. भिंतीबाहेर गेलो असतो तर दोघंही गेलो असतो."

"आधी सांगितलं असतं तर आला असतात?"

"नसतो आलो," मास्तर म्हणाले. "कशाला आलो असतो?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, कारण एक हात दोरात अडकलेला होता आणि दुसरा त्यावर घट्ट. मास्तरांनी लाइफ जॅकेट काढून खुंटीवर ठेवलं. बूट काढून पाणी ओतलं. मनाशी त्यांनी ठरवलं होतं, घरी जायचं, बायकोला सांगायचं की होडी काही बरी नव्हती, आणि उद्या सकाळी सात वाजता आपल्या सीटवर जाऊन बसायचं. ओल्या बुटात पाय घालायला ते वाकले तर समोर कप्तानांच्या चपला येऊन उभ्या राहिल्या.

कप्तान हात पाठीमागं बांधून होडी निरखत होते. पुढून बघितली, मग मागं जाऊन सुकाणू बघितलं. परक्याच्या वस्तूला हात लावू नये म्हणून माणूस थोडा लांबून बघतो, तसे.

"छान ठेवलीय," ते मास्तरांना म्हणाले. "तुमची का?"

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. तिनं मान फिरवली. सोडलेलं शीड फडफडत होतं. मास्तरांनी बुटाची नाडी बांधली, सरळ उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "हो. माझीच."

"आत्ता तुम्हीच आणलीत ना धक्क्याला? मी बघत होतो. झोत आला तेव्हा आडवी झाली होती."

"हो. मीच आणली."

कप्तानांनी मान डोलावली.

"हात बरा आहे. कुणी शिकवलं?"

"आहेत एकजण," मास्तर म्हणाले. "फार चांगलं शिकवतात."

"नशीब लागतं त्याला. आमच्या वेळी कुणी सांगणारं नव्हतं, पडत-झडत शिकलो." कप्तान जरा जवळ आले आणि अगदी खासगीतलं काही सांगावं तसं त्यांनी विचारलं, "पण घाबरलात तर काय करायचं, ते सांगितलंय का त्यांनी?"

मास्तर उत्तर द्यायला गेले. पण त्यांच्याआधी मागून उत्तर आलं, शाळेतल्या पाढ्याच्या चालीवर, सात-आठ वर्षांची असताना पाठ केलेलं असावं तसं.

"दोर सोडायचा, बाबा," मुलगी म्हणाली. "लोक घाबरले की आवळून धरतात."

"बरोबर," कप्तान खूश होऊन म्हणाले.

होडीच्या दोराचे दोन वेढे तिच्या मनगटाला तसेच होते. मास्तरांनी दोर घ्यायला हात पुढे केला आणि ती तो सोडेपर्यंत ते तसेच उभे राहिले.