पोत्याच्या दोऱ्याने शिवलेली चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चाळणी आहे. तुळसाबाईंनी मला केनवडच्या बाजारातून आणलं, तेव्हा मी लखलख चमकत होते. कितीतरी वर्षं मी रवा-पीठ चाळलं. मग सून योगिनी घरात आली आणि माझं काम बदललं.

योगिनी चेहरा घासायच्या लेपात घालायचे बारीक मणी बनवते. समुद्री शेवाळाची पूड पाण्यात कालवायची, चिमूटभर हळद घालायची आणि ते थेंबथेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचं. थेंब गोठून राजगिऱ्याएवढे मणी होतात. वाळले की मी ते चाळायचे. दुकानातल्या लेपांतले प्लास्टिकचे मणी कुजत नाहीत. मोरीतून नाल्यात जातात, मासोळीच्या पोटात बसतात. आमचे मात्र मातीत मिसळून जातात. काय मान होता माझा तेव्हा!

एक दिवस माझी जाळी फाटली. तुळसाबाई खताच्या पोत्याची शिवण उसवून दोऱ्याचा गुंडा जपून ठेवतात. शेतकऱ्याच्या घरी असा दोरा कोण फेकतं? त्यानेच त्यांनी मला मायेनं शिवलं. पण बाप रे, तो दोरा प्लास्टिकचा होता! दर हिसक्याला त्याचे तंतू मण्यांत पडू लागले. मला बोलायला तोंड नाही. भीतीनं थरथरले, तर तंतू आणखीच गळाले. तशातच मण्यांचे पाच डबे आसेगावला राधिकाबाईंच्या दुकानात गेले.

किती दिवसांत कुजतात ते पाहायला योगिनीने त्यांतलेच चमचाभर मणी कुंडीतल्या ओल्या मातीत पुरून ठेवले होते. चाळिसाव्या दिवशी तिने माती उकरली. मणी कुजून गेले होते, पण पांढरे तंतू तसेच होते.

"आत्याबाई, हे कुठून आले वो?"

माझा दोरा सापडू दे, असं मला वाटलं. सापडलं तर मी भंगारात जाईन, असंही वाटलं.

तुळसाबाईंनी एक तंतू बोटावर घेऊन माझ्या शिवणीशी धरून पाहिला. "माय वं! हा तं माह्या पोत्याचा दोरा व्हय. म्याच घात केला!"

"तुमी कायले रडता? मीबी कुठं पाह्यलं?" योगिनीने तो दोरा कापून काढला आणि लगेच राधिकाबाईंना फोन लावला. "एकबी डबा विकू नका. सारे वापस पाठवा."

चारच डबे परत आले. पाचवा विकला गेला होता.

भंगारात नाही गेले मी. भोकासकट खिळ्याला टांगलेली आहे. पण मोरीत पाणी सांडलं की अजून तो विकलेला डबा आठवतो. मित्रांनो, फाटलेलं जरूर शिवा, फक्त आधी हातातला दोरा नीट पाहा. पाचव्या डब्यातले तंतू आज कुठे आहेत, ते मला ठाऊक नाही.