निघणाऱ्याने म्हणायचा शब्द

हेल्मेटच्या पट्ट्याला पेरूची एक बी चिकटून वाळली होती... तेजूच्या हेल्मेटच्या, म्हणजे आता कुणाच्याच नाही. शैलजाने ती नखाने खरवडली. तेजू चालत शाळेत जायला लागल्याचा आज चौथा दिवस. पालकसभेत ती स्वतःच म्हणाली होती, जवळच्या मुलांनी चालत शाळेत यावं, फाटकापुढची गाड्यांची दाटी कमी होईल, पायही मोकळे होतील. टाळ्या पडल्या होत्या. मग बाईंच्याच लेकीने स्कूटरवरून कसं यायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण — तसं नको व्हायला.

पण ती आठ मिनिटं... टोकरखाड्यातल्या घरापासून शाळेपर्यंत पाठीला टेकलेली हनुवटी आणि अखंड बडबड. नवऱ्याची, केदारची, दीवला बदली झाल्यापासून दिवसभरात मनापासून ऐकावं असं तेवढंच. कशाला बोलले मी त्या सभेत? हौस, दुसरं काय.

"तेजू, जल्दी कर ना!" खालून तिच्या मैत्रिणीची, दुर्गाची हाक आली.

तेजू बूट घालून पळाली. शैलजा दारात उभी. तिच्या गावी, गुहागरला, 'जाते' म्हटलं की आई दटावायची — जाते नाही गं, येते म्हणावं. मग आई म्हणायची, ये हो. तेजूला हे शिकवायचं राहूनच गेलं. मायलेकी रोज बरोबर निघायच्या. निरोप घ्यायचा कुणी कुणाचा?

"आवजो, मम्मी!" जिन्यातून आवाज आला.

शैलजाला हसू आलं. इथली सगळीच मुलं गुजरातीत असं म्हणतात, निघणारीही आणि थांबणारीही. पण तिच्या कानाला त्याचा अर्थ 'या' — घरच्यांनी पाहुण्याला म्हणायचं ते. म्हणजे तेजू घरची, आणि निघालेली पाहुणी मी... अकरा वर्षं झाली सिल्वासात, तरी.

दहा मिनिटांनी स्कूटर घेऊन निघाली, तर वळणावर त्या दिसल्याच. तेजू हातवारे करत दुर्गाला काही सांगत होती, श्वासही न घेता. तीच बडबड. म्हणजे ती माझ्यासाठी नव्हतीच? मी फक्त पुढे बसलेली असायचे?

तिने वेग कमी केला. तेजूने पाहिलं, हसली, हात हलवला. "मम्मी, तू हो पुढे!"

"ये," शैलजा म्हणाली. तेजूने 'येते' म्हटलं नव्हतं, तरीही.