बॉनेटखालची पन्हळ

पाऊस लागला की अप्पांची गाडी बंद पडायची. भुरभुर असेल तर दोनदा खोकून, नाक शिंकरून पुढे जायची; पण सरीने जोर धरला की जिथे असेल तिथे बसकण मारायची. घरात तिला सगळे ‘मांजर’ म्हणत. हे नाव थोरलीने ठेवलं होतं आणि ते लाडाने ठेवलेलं नव्हतं.

गाडी म्हणजे अप्पांनी तरुणपणी घेतलेली जुनी पिकअप. गोल बटबटीत दिवे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा आणि पुढे लांबच लांब नाक. त्या नाकावरचं बॉनेट आजच्या गाड्यांसारखं अखंड नव्हतं. समोरून थेट काचेपर्यंत मधोमध एक लांब बिजागरी होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना पुस्तकाच्या पानांसारखे दोन पत्रे. ज्या बाजूचं काम असेल ते पान उचलायचं.

अप्पांचा धंदा छतं शिवण्याचा. दुकानांपुढची, गच्च्यांवरची, बागेतल्या बाकांवरची, जाड कापडाची छतं. आता त्यांची नजर अधू झाली होती आणि कारखाना दोघी मुली चालवत होत्या. थोरली मापं घ्यायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, कुणाशी कधी गोड बोलायचं आणि कुणाला कधी वाटेला लावायचं हे तिला बरोबर कळायचं. धाकटी मशीनवर बसायची. धाकटी पन्नाशीला आली होती, पण घरात ती धाकटीच.

शिवलेली छतं पोचवायला पूर्वी थोरलीच पिकअप न्यायची. मग एका पावसाळ्यात, अप्पा शेजारी बसलेले असताना, गाडी रेल्वेच्या फाटकात रुळांवरच थांबली. आगगाडी यायला वेळ होता, लोक धावले, ढकलून पार केली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण थोरलीने अप्पांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं आणि उरलेली वाट चालवत घरी आणलं. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “मला वेळ नाही.” मग छतं पोचवायला धाकटीच पिकअप काढायची.

या वर्षी एक हॉटेलवाला आला. त्याला पिकअप हवी होती. चालवायला नव्हे, हॉटेलच्या दर्शनी दालनात ठेवायला. हौद्यात कुंड्या लावणार होता.

“उत्तम,” थोरली म्हणाली. “डोक्यावर छप्पर, पायाखाली फरशी. मांजराला आणखी काय पाहिजे?”

अप्पा म्हणाले, “तुम्ही दोघी ठरवाल ते,” आणि उठून पिकअपपाशी जाऊन बसले.

धाकटीने हातातलं कापड खाली ठेवलं. “ताई, त्याला सांग, महिनाअखेरीस कळवतो. तोवर मी गाडी बघते.”

“काकांनी इतकी वर्षं बघितली, ती काय कमी बघितली?”

काका म्हणजे कोपऱ्यावरचे गॅरेजवाले. अप्पांचे दोस्त. दर पावसाळ्यात ते डिस्ट्रिब्युटरचं झाकण बदलायचे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनातल्या प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा डबा. त्याला ओल लागली की ठिणगी भलतीकडे जाते आणि इंजिन गप्प होतं. काका वायरी बदलायचे, ग्रीस फासायचे आणि पुढच्या पावसात गाडी पुन्हा बसायची.

“काकांनी ओला झालेला डबा बघितला,” धाकटी म्हणाली. “तो ओला कशाने होतो ते मी बघते. पाणी नेमकं कुठे मुरतंय त्याचा सोक्षमोक्ष लावते.”

“आणि नाहीच लागला तर?”

“लागेल.”

ती हे बढाई मारायला म्हणाली नव्हती. आयुष्यभर तिने पाण्याशीच सामना केला होता. शिवणीतून पाणी कसं शिरतं, धाग्याला धरून कसं चालतं आणि शिरलं एकीकडे तर ठिबकतं भलतीकडेच, हे तिच्या बोटांना पाठ होतं. कापड काय आणि पत्रा काय, पाण्याची चाल तीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिकअप कारखान्याच्या अंगणात घेतली. कापडावर खुणा करायचा निळा खडू कुटून त्याची पूड केली आणि चाळणीने सगळ्या इंजिनावर भुरभुरली. बॉनेट लावलं. मग झारी थोरलीच्या हातात दिली.

“मी का?”

“कारण तू पाण्यात हात आखडणार नाहीस. तुला ही गाडी हरायला हवीय.”

थोरलीला हसू आवरलं नाही. तिने खरंच हात आखडला नाही. बॉनेटवर अशी धार धरली की बघणाऱ्याला वाटावं, जुना हिशेब चुकता करतेय. झारी रिकामी झाल्यावर धाकटीने एक पान अलगद उचललं. निळ्या पुडीत थेंबांचे काळे ठिपके उठले होते. बाजूंना एकही नाही, पुढच्या जाळीपाशी नाही. ठिपक्यांची एक सरळ ओळ मधल्या बिजागरीखाली होती, आणि डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर तर चक्क तळं साचलं होतं.

“बिजागरी डब्याच्या बरोबर वर कुठेय?” थोरलीने वाकून विचारलं. तिला रस वाटायला लागला होता, पण तिने तो आवाजात येऊ दिला नाही. “डबा तर बाजूला आहे.”

“पाणी बिजागरीतून आत येतं, पत्र्याच्या पोटाला चिकटून चालतं आणि या दुमडीवर येऊन सुटतं.” धाकटीने पत्र्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवून ओलं बोट दाखवलं. आणखी एक जागा सापडली: काचेपुढे जिथे बॉनेटची मागची कड टेकते तिथली जुनी गादीपट्टी झिजून चप्पट झाली होती, आणि तिथूनही पाण्याची एक बारीक रेघ आत आली होती.

अप्पा खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी एकच अट घातली. “बॉनेटला भोक पाडायचं नाही. भोक म्हणजे आपण होऊन पाण्याला दार उघडून देणं. आणि पत्रा एकदा गंजायला लागला की मग थांबत नाही.”

“नाही पाडत, अप्पा.”

पहिला उपाय फसला. धाकटीने बिजागरीवर लांब रबरी पट्टी चिकटवली. दिसायला झकास दिसत होती. संध्याकाळी बॉनेट उघडून बघायला गेली तर पान वर उचलताच पट्टी फर्रकन सुटून तिच्या हातात आली. काका तिथेच होते. त्यांनी मान हलवली. “जे हलतं, ते बुजवता येत नाही, पोरी. मीही एकदा हात टेकलेत.”

“तेच माझं चुकलं,” धाकटी म्हणाली. पट्टीची गुंडाळी करून तिने ती बाजूला टाकली आणि जराही हिरमुसली नाही. उलट चेहरा उजळला. “काका, आपण छताला पुढे झालर लावतो ना, ती पाणी थांबवायला नसते. पाणी कुठे सांडायचं ते ठरवायला असते. येऊ दे आत. मी त्याला आतूनच बाहेर काढते.”

कागदाचा नमुना कापून, दुमडून, बिजागरीखाली धरून बघत तिने एक उथळ, अरुंद पन्हळ बेतली. दोन्ही पानांच्या आतल्या दुमडी तिच्या काठांच्या आत येतील एवढीच रुंद, आणि काचेकडे किंचित उतरती. काकांनी पत्रा कापून वाकवून दिला. भोक पाडायचं नव्हतं, म्हणून टांगायची कशावर हा प्रश्न आला. बिजागरीचा गज पुढे आणि मागे एकेका बोल्टने धरलेला होता. “हेच बोल्ट थोडे लांब घेऊ,” काका म्हणाले, “पन्हळ त्यांच्यावरच टांगू.” मागच्या टोकाला त्यांनी एक रबरी नळी जोडली आणि ती इंजिनापासून लांब, चाकामागे जमिनीकडे सोडली.

धाकटीने मग आपलं हुकमी काम हातात घेतलं. मेणकापडाची पट्टी, पोटात जाड दोरी, दुहेरी टाका. काचेपुढची नवी गादीपट्टी तिने एका बैठकीत शिवली. बॉनेट तिच्यावर टेकलं तेव्हा ‘खण्ण’ऐवजी ‘धप्’ असा जाड, भरीव आवाज आला.

अप्पांनी पन्हळीत बोट घालून पुढून मागे फिरवलं. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी बोट मध्येच थांबलं. “इथे पोट आलंय. पाणी साचेल.”

काकांनी वाकून बघितलं. खरंच जरा पोट आलं होतं. त्यांनी लाकडी हातोडीने ते बसवलं. पुन्हा निळी पूड, पुन्हा झारी, पुन्हा थोरली. या वेळी पूड जशीच्या तशी राहिली आणि चाकामागच्या नळीतून पाण्याची शहाण्यासारखी धार लागली.

“झारीने भिजली नाही,” थोरली म्हणाली. “झारी म्हणजे पाऊस नव्हे.”

“नव्हेच,” धाकटी म्हणाली.

पाऊस त्याच आठवड्यात आला, सकाळपासून कोसळतच होता. रोपवाटिकेचं छत त्याच दिवशी पोचवायचं होतं; खालची कोवळी रोपं पावसाने झोडपली जात होती आणि रोपवाल्याचे फोनवर फोन येत होते. हौद्यात छताची गुंडाळी ताडपत्रीखाली बांधून झाली. धाकटीने किल्ली थोरलीपुढे धरली.

“मी?”

“मी चालवली तर तू म्हणशील, धाकटीचं नशीब. तूच बघ.”

“आणि अडली तर?”

“मग मी उतरून ढकलीन आणि संध्याकाळी आपण दोघी हॉटेलवाल्याला फोन करू. पण अडणार नाही, ताई. मी शिवलेलं छत कधी गळलंय?”

थोरलीने किल्ली घेतली, पण जागची हलली नाही. तेवढ्यात अप्पा छत्री धरून आले, कुणी बोलावलं नसताना दार उघडून मधल्या जागेत बसले आणि म्हणाले, “उशीर होतोय.”

फाटकापाशी पोचले तेव्हा फाटक बंद होतं. मागे गाड्यांची रांग लागली. पाऊस टपावर ताशा वाजवत होता. थोरलीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलं होतं, नखांखालचं रक्त उतरलं होतं. इंजिन एका लयीत गुरगुरत होतं. आगगाडी धडधडत गेली. दांडा वर गेला.

“ताई,” धाकटी हळूच म्हणाली, “सावकाश जा. घाई नाही.”

थोरलीने क्लच सोडला. पुढची चाकं रुळांवर चढली, उतरली; मग मागची. इंजिनाने एकदाही श्वास चुकवला नाही. पलीकडे गेल्यावर थोरलीने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि नुसती बसून राहिली. तिचे डोळे भरून आले होते. अप्पांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि दोनदा थोपटला.

मग ती उठली. “छत्री धर,” धाकटीला म्हणाली, आणि भर पावसात उतरून तिने बॉनेटचं पान स्वतः उचललं. डिस्ट्रिब्युटरवर हात ठेवला. उबदार होता आणि कोरडा ठणठणीत. चाकामागे नळीतून धार वाहत होती.

“बरं,” ती म्हणाली. थोरलीच्या तोंडून धाकटीला याहून मोठी शाबासकी कधी मिळाली नव्हती.

रोपवाटिकेत छत चढवायला दुपार झाली. परत येताना किल्ली कुणी कुणाकडे मागितली नाही. थोरली सरळ जाऊन स्टिअरिंगपुढे बसली. वाटेत एक मोटार पाण्यातून भर्रकन पुढे गेली आणि काचेवर चिखल उडाला, तेव्हा तिने शिव्यांची अशी काही फैर झाडली की अप्पा खुदखुदून हसले.

हॉटेलवाला ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीस आला. थोरलीनेच त्याला बसवलं, चहा दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. दर्शनी दालनात गाडीसाठी जागासुद्धा मोकळी करून ठेवली होती, म्हणाला.

“दालनाचं राहू द्या,” थोरली म्हणाली. “तुमच्या गच्चीवर पावसाळ्यात गिऱ्हाईक बसतं का?”

“कुठलं बसतंय? सगळं भिजतं.”

“मग चला. आत्ताच माप घेते.” तिने फीत खिशात टाकली आणि बाहेर भुरभुर सुरू झाली होती तिकडे न बघता पिकअपचं दार उघडलं. “तुमची गाडी राहू द्या इथेच. हिच्यात बसा.”